कोणी आणि कधी

"दाबके, आज तोडी यायला चार मिनिटं लागली."

मी आत येऊन बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच नायकवडी मास्तरांनी कानावरचा हेडफोन उतरवून गाऱ्हाणं मांडलं. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, सत्तरी उलटलेले. रोज सकाळी नऊला यायचं आणि तीच चार ध्वनिमुद्रणं त्याच क्रमाने ऐकायची, आधी भैरव, मग तोडी, हा त्यांचा नेम. माझ्या मशीनचे ते सगळ्यात गुणी गिऱ्हाईक होते. त्यांनी भैरव मागितला की मशीन न सांगता तोडी आणून ठेवायचं.

"वर्षभर तुम्हीच लाड केलासा, आणि आता ही तऱ्हा," ते म्हणाले.

बघतो म्हटलं. त्यासाठीच पुण्याहून आलो होतो. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष मास्तरांकडे नव्हतं. त्यांच्यामागे एक नंबरच्या टेबलाशी राजमती मगदूम बसली होती आणि तिने मान वर करून "आलासा?" एवढंच विचारलं होतं.

ही २००७ सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या एका कंपनीत माहितीच्या साठवणुकीची यंत्रं बनवत होतो. मिरजेच्या एका संगीत-संस्थेकडे सहा हजारांवर जुनी ध्वनिमुद्रणं होती. ती सगळी टेपांवर भरून मागच्या खोलीतल्या पोलादी कपाटात ठेवली होती. कोणी एखादं गाणं मागितलं की कपाटातला यांत्रिक हात खडखडत जाई, टेप काढी, लावी, ती गुंडाळत गुंडाळत नेमक्या जागी येई. या सगळ्याला सरासरी चार मिनिटं अठरा सेकंद लागत. पुढे एक चटपटीत डिस्क होती, पण लहान, त्यात काहीशेच गाणी मावत. आमच्या मशीनचं काम इतकंच की कशानंतर काय मागितलं जातं याच्या नोंदी ठेवायच्या आणि पुढचं गाणं मागण्याआधीच डिस्कवर आणून ठेवायचं.

आदल्या वर्षी जूनमध्ये मी ते बसवायला गेलो तेव्हा अंदाजाचा भाग अजून सुरू झालेला नव्हता. प्रत्येक गाण्याला चार मिनिटं थांबावं लागे. राजमतीचं काम टेपा तपासण्याचं होतं. एक मुद्रण मागवायचं, दोन-तीन मिनिटं ऐकायचं, आवाज स्वच्छ आहे अशी खूण करायची, पुढचं मागवायचं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून वेळा टिपायचो. संस्थेचा एक नियम भिंतीवर तैलरंगात लिहिलेला होता, "ध्वनिमुद्रण सुरू असताना बोलू नये." भोंग्यांच्या काळातला नियम. हेडफोन आले तरी तो कोणी पुसला नाही, आणि मोडलाही नाही. ज्या टेबलावर गाणं चालू आहे तिथल्या माणसाशी व्यवस्थापक आरवाडेसुद्धा बोलत नसत, हातातला कागद घेऊन उभे राहत.

त्यामुळे आमचं सगळं बोलणं त्या चार मिनिटांत झालं. तीन महिने, रोज दहा-बारा वेळा. हात खडखडायला लागला की ती खुर्ची माझ्याकडे वळवायची. तिच्या आजोबांची हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली विहिरीएवढी. त्यात उतरण्याआधी दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर उतरायचं नाही. मी विचारायचो, मग हळद कशी काढायची? तेवढ्यात गाणं सुरू व्हायचं आणि ती पाठ करायची. हळद पुढच्या टेपेला निघायची. ती बिनलसणीचं भडंग डब्यात आणायची, कारण घरी जैन रिवाज, आणि मी पुण्याचा असल्यामुळे मला तिखट सोसणार नाही अशी तिची खात्री होती. ती त्या भागातल्या बायकांसारखं "मी जातो, मी येतो" म्हणायची. मी एकदा चिडवलं तर म्हणाली, "मग काय तुमच्यासारखं नाकात बोलू?" त्या दिवसापासून मला ती हवीशी वाटायला लागली. साडेपाचला तिचा भाऊ फाटकाशी स्कूटर घेऊन उभा असायचा. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती एक मिनिटही थांबत नसे. म्हणजे माझ्या वाट्याला काय, तर टेपेचा वेळ.

मशीन अंदाज कसा बांधतं हे मीच तिला समजावून दिलं होतं, अशाच एका चार मिनिटांत.

"लागोपाठचे क्रमांक मागितले की पुढचा ते आपणहून आणणार. रोजची सवय असली तरी आणणार," मी म्हटलं.

"म्हणजे शहाण्यासारखं ओळीनं मागितलं की थांबायला नको."

"बरोबर."

"आणि येड्यासारखं मागितलं तर?"

"तर बसा चार मिनिटं."

ती हसली. मी ते कौतुक समजलो. सप्टेंबरात अंदाज सुरू केला आणि माझं मशीन नावाजलं गेलं. मास्तरांनी पेढे वाटले. मी पुण्याला परतलो आणि मग महिन्यातून दोन-तीन दिवस देखभालीला जाऊ लागलो.

गंमत अशी की बाकीच्या टेबलांना गाणी झटपट मिळत, आणि मी गेलो की एक नंबरला मात्र मशीन हटकून चुके. राजमती क्रमांक टाकी, हात खडखडू लागे, ती खुर्ची वळवी आणि म्हणे, "तुमच्या मशीनला माझं काही कळेना ओ." मला ते बोलणं लागायचं. मी बोलायचो, हसायचो, भडंग खायचो, आणि मुक्कामाला जाऊन वहीत लिहायचो, "टेबल एक. अंदाज चुकतो. कारण शोधणे."

त्या सोमवारी मास्तरांच्या तोडीचं कारण मला दुपारपर्यंत सापडलं. मशीनच्या नोंदीच अवाढव्य झाल्या होत्या. प्रत्येक मागणी आली की मशीन तिची आधीच्या वीस मागण्यांशी सांगड घालून ठेवी, आणि प्रत्येक नोंदीबरोबर टेबल कोणतं, तारीख कोणती, वेळ काय, किती थांबावं लागलं, गाणं कधी बंद केलं, हे सगळं लिही. वर्षभरात त्या नोंदींनी डिस्कचा जवळजवळ अर्धा भाग खाल्ला होता. गाण्यांना जागाच उरली नव्हती. भांड्यांच्या याद्या इतक्या वाढाव्यात की भांडी अंगणात ठेवावी लागावीत, तसलाच प्रकार. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झाला म्हणा की."

पुण्याहून आमच्या कंपनीच्या ओकसाहेबांचा फोन आला. शुक्रवारी चारला संस्थेचे विश्वस्त येणार होते. तोवर नोंदी डिस्कच्या विसाव्या हिश्शात बसवायच्या, नाही तर मशीन उचलून आणायचं. मशीन गेलं की माझं मिरजेला येणंही संपणार होतं. आणि मी तर ठरवून आलो होतो की या खेपेला राजमतीला विचारायचं. आईला अजून सांगितलं नव्हतं. कोकणस्थाच्या घरात मगदुमांची मुलगी म्हटल्यावर काय होईल ते मला माहीत होतं, पण आधी इकडून होकार तर यायला हवा.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने क्रमांक टाकला. हात खडखडला. तिने खुर्ची वळवली.

"चिकोडीचं स्थळ आलंय," ती म्हणाली. "रविवारी कळवायचं म्हणतात."

मी वर्षभर मनात वाक्यं जुळवत होतो. ती सगळी सोडून मी विचारलं, "काय करतात?"

"तंबाखूची वखार आहे."

"गाव मोठं आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं आहे," ती म्हणाली. मग तिने खुर्ची पडद्याकडे वळवली. गाणं सुरू झालं आणि तिने हेडफोन लावला.

त्या रात्री मी स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या आणि एक निर्णय घेतला. आज मला तो ऐकवत नाही, तरी सांगतो. निर्णय असा की आधी काम फत्ते करायचं. शुक्रवारी विश्वस्तांसमोर मशीन धडधाकट चाललं की मी तिच्या टेबलाशी जाईन, ती एक मुद्रण मागवेल, आणि त्या चार मिनिटांत विचारेन. पडलेल्या चेहऱ्याने नाही, यशस्वी माणूस म्हणून. मधल्या दिवसांत टेबलाशी फिरकायचंच नाही, नाहीतर पुन्हा गावाची लोकसंख्या विचारून बसेन.

मंगळवार-बुधवार मागच्या खोलीत घालवले. नोंदी छाटण्याचे दोन उपाय सुचले. पहिला म्हणजे जी जोडी वर्षात एकदाच आली, तिची नोंद फेकून द्यायची. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून कोण काय अंदाज बांधणार? दुसऱ्या उपायावर मी फार खूश होतो. प्रत्येक नोंदीतून टेबल, तारीख आणि वेळ यांचे रकाने काढूनच टाकायचे. भैरवानंतर तोडी लागते एवढं मशीनला कळलं की बस. ते कोणी मागितलं आणि कधी मागितलं, हे त्याला कशाला हवं? फोनवर ओकसाहेब म्हणाले, "दाबके, हे आधी कसं सुचलं नाही?" मलाही तेच वाटत होतं.

दोन-तीनदा दाराच्या काचेतून राजमती दिसली. एकदा हातात डबा होता. मी आतूनच हाताने खुणावलं, काम आहे, नंतर.

गुरुवारी सकाळी जुन्या नोंदींची एक प्रत काढून ठेवायला घेतली. छाटणीत काही बिघडलं तर पुन्हा जोडता यावं म्हणून. दाराला आतून कडी लावली. पण प्रत काही पुरी होईना. नोंदी उतरवून घेत असताना बाहेरून नवी मागणी आली की प्रत अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागायची. आणि त्या सकाळी बाहेर कोणीतरी एकामागून एक मागतच होतं. हात एका टेपेवरून आला की लगेच दुसरीकडे. कपाटाच्या या टोकाला, मग त्या टोकाला. पाऊण तास मी तो खडखडाट ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी कार्यालयात आरवाड्यांना फोन लावला.

"बाहेर कोण सारखं मागतंय हो? जरा थांबायला सांगा. माझं काम अडलंय."

"सांगतो," आरवाडे म्हणाले.

दोन मिनिटांत हात गप्प झाला. साडेबाराला प्रत पुरी झाली. ती मी एका सीडीच्या तबकडीवर उतरवून वर पेनने "मिरज, जुन्या नोंदी" असं लिहिलं आणि कात्री चालवायला बसलो.

शुक्रवार माझा होता. डिस्कच्या अर्ध्या भागातल्या नोंदी आता चिमूटभर जागेत बसल्या. मोकळ्या झालेल्या जागेत मी गेल्या काही महिन्यांत कोणीही मागितलेली सगळी मुद्रणं भरून ठेवली. विश्वस्त आले, त्यांनी टेबलं फिरून पाहिली. मास्तर मुद्दाम संध्याकाळी आले आणि अवेळी भैरव ऐकण्याचं पाप त्यांनी माझ्यासाठी केलं. तोडी त्याच्यामागे हजर. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला.

पाच वाजून गेले होते. मी राजमतीच्या शेजारी जाऊन बसलो. सोमवारनंतर पहिल्यांदा. वाक्य तयार होतं. साधंच होतं, "चिकोडीला नको कळवू, मी विचारतोय." म्हटलं, "एखादं लावून बघा ना."

ती क्षणभर विचार करत बसली. मग तिने एक क्रमांक टाकला आणि सवयीने खुर्ची वळवायला लागली.

गाणं लगेच सुरू झालं.

ती अर्धवट वळलेली तशीच राहिली. हेडफोन टेबलावर होता, त्यातून बारीक तंबोरा ऐकू येत होता. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आधी आनंद झाला. टेबल एकचा अंदाजही शेवटी बरोबर आला होता.

"आलं की लगेच," ती म्हणाली. हलक्या आवाजात, पण गाणं सुरू असताना. नियम मोडलेला मी तिथे तेवढाच पाहिला. "आता थांबायला नको म्हणायचं."

"नको," मी म्हटलं.

तिने हेडफोन लावला. मी ते गाणं संपायची वाट बघत बसलो. विलंबित होतं, चांगलं अर्ध्या तासाचं. एरवी ती दोन-तीन मिनिटं ऐकून बंद करायची, त्या दिवशी ऐकतच राहिली. मी तिच्या खांद्याला हात लावू शकलो असतो. नियम काय, भिंतीवरचा रंग होता. पण पलीकडे विश्वस्त उभे होते, आरवाडे उभे होते, आणि मी घडीव वाक्य घेऊन टेपेच्या वेळेत बोलणारा माणूस. साडेपाचला तिने गाणं मध्येच थांबवलं, डबा पिशवीत टाकला. "जातो," म्हणाली. फाटकाशी स्कूटर उभीच होती.

पुण्याला जाऊन पत्र लिहिणार होतो. चार वेळा लिहिलं. पाचव्या वेळेला लिहायच्या आत आरवाड्यांनी फोनवर सहज सांगितलं की मगदूमबाईंनी काम सोडलं, दिवाळीनंतर चिकोडीला लग्न आहे. पुढे माझंही लग्न झालं, संसार चारचौघांसारखा झाला, कोणाविषयी तक्रार नाही. फक्त कुठे तंबोरा लागला की पहिली काही मिनिटं मला कोणाशी बोलवत नाही. बायको याला संगीताची आवड समजते.

आता मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. गेल्या वर्षी नोंदींचं ओझं कसं कमी करावं यावर एक तास घ्यायचा होता आणि खरीखुरी उदाहरणं हवी होती. एका रविवारी सकाळी माळ्यावरच्या खोक्यात ती तबकडी सापडली. उघडेल असं वाटलं नव्हतं, पण उघडली. रकाने शाबूत होते. टेबल, तारीख, वेळ. वर्गाला दाखवायला सोपं जावं म्हणून मी एकच टेबल वेगळं काढलं. कोणतं, ते सांगायला नको.

पडद्यावर क्रमांक उतरले. ७०१, ७०२, ७०३, ७०४. दिवसच्या दिवस ती शहाण्यासारखी ओळीने मागत होती. थांबलेली वेळ शून्य. मध्येच तीन दिवस असे की २९६०, ८७, ४११२, १५. कशाचा कशाला मेळ नाही, एकही दोनदा नाही, आणि प्रत्येकापुढे चार मिनिटं. मग पुन्हा ओळीने, ८१२, ८१३. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन दिवस वेड्यासारखे. मला वाटलं, मशीन त्या दिवसांत बिघडलं असेल. मी कपाटातून त्या दोन सालांच्या खिशातल्या डायऱ्या शोधून काढल्या आणि तारखा जुळवून बघू लागलो. चौथ्या तारखेनंतर जुळवायची गरज उरली नाही, तरी मी सगळ्या जुळवल्या. एकतीस दिवस होते. एकतीसच्या एकतीस दिवस मी मिरजेला होतो.

मशीनला तिचं कळत नव्हतं, कारण कळू नये अशी तिने व्यवस्था केली होती. कळत नव्हतं ते मला. आणि जे रकाने वाचून एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं, ते मी निरुपयोगी म्हणून कापून टाकले होते.

सगळ्यात शेवटी तो गुरुवार होता. टेबल एक. अकरा वाजून सहा मिनिटांनी पहिली मागणी. चार मिनिटांनी गाणं सुरू झालेलं, पाच सेकंदांत बंद केलेलं. लगेच दुसरी मागणी, दुसऱ्याच टेपेवरची. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा बंद. तिसरी, चौथी, सातवी. एकही गाणं तिने ऐकलेलं नव्हतं. अकराव्या मागणीनंतर त्या टेबलावर त्या दिवशी काहीच नव्हतं. थांबायला सांगा, असा माझा निरोप तिला तेव्हा पोचला असणार.

मी अकरा वेळांची बेरीज केली. सत्तेचाळीस मिनिटं आणि काही सेकंद. तेवढा वेळ ती खुर्ची वळवून, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून बसली होती. आणि मी भिंतीपलीकडे आतून कडी लावून घेतली होती.